गणितानंद कापरेकर

मुंबईच्या उत्तरेस, अरबी समुद्राच्या काठी, डहाणू हे गाव वसलेले आहे. या गावी १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. त्या काळी डहाणू ठाणे जिल्ह्यात मोडत असे. दत्तात्रेय अवघा आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि त्याच्या संगोपनाचा सारा भार वडिलांवर पडला. वडील कारकून होते. उत्पन्न बेताचेच होते. परंतु त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. कुंडलीवरून भविष्य कळते की नाही, हा प्रश्न वेगळा. पण ती मांडावयाची म्हणजे आकडेमोड फार करावी लागते. वडील बेरजा-वजाबाक्या करीत बसले, की हा पोरका मुलगा शेजारी बसून ते पाहत असे. वडिलांच्या ज्योतिषापेक्षा त्यांच्या आकड्यांनीच त्याच्या मनात घर केले.

माध्यमिक शिक्षणासाठी दत्तात्रेय ठाण्याच्या शाळेत दाखल झाला. तेथे गणिताची कोडी सोडविण्याचा त्याला छंद जडला. एखादे कोडे हाती आले, की तासन्‌तास तो त्यातच गढून जाई. कोडे सुटले म्हणजे काम संपले, असे त्याला वाटत नसे. ते आणखी कोणत्या रीतीने सुटेल, सर्वांत थोड्या पायऱ्यांत कसे सुटेल, याचा शोध तो घेत राही.

पुढे १९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविणारे पहिले भारतीय, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, यांच्या नावाशी हे महाविद्यालय निगडित होते. विद्यार्थ्याने गणितात स्वतंत्र विचार करून काही नवे लिहावे, म्हणून रँग्लर परांजपे यांच्या नावाचे एक पारितोषिक ठेवलेले होते. १९२७ साली ते कापरेकरांनी मिळविले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी घेऊन बाहेर पडले. त्यापुढील उच्च शिक्षण त्यांना कधीच घेता आले नाही. त्यांच्या हातून पुढे जे कार्य घडले, ते सारे एवढ्याच शिदोरीवर घडले.

पदवी मिळाल्यावर लवकरच नाशिकजवळील देवळाली येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच गणित शिकवीत राहिले. दिवसा शाळा, सकाळ-संध्याकाळ सायकलवरून गावोगाव जाऊन शिकवण्या, आणि उरलेला वेळ संख्यांच्या सहवासात, असा त्यांचा क्रम असे. नदीकाठी एकटेच बसून ते संख्यांचा विचार करीत. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना मोठे ग्रंथालय, ना हिशेबाचे यंत्र. कागद, पेन्सिल आणि अमाप चिकाटी, एवढीच त्यांची साधनसामग्री होती. आकड्यांपासून मिळणाऱ्या या आनंदामुळेच लोक त्यांना पुढे गणितानंद म्हणू लागले.

वनस्पतींचा अभ्यासक रानात गेला म्हणजे त्याला नुसती हिरवी झाडी दिसत नाही. पानांचा आकार, फुलांच्या पाकळ्या, बियांची ठेवण पाहून तो प्रत्येक झाड कोणत्या कुळातील ते सांगतो. कापरेकर संख्यांकडे असेच पाहत. इतरांना एखादी संख्या म्हणजे केवळ अंकांची रांग वाटे; कापरेकरांना मात्र तिचे रूप, तिचा स्वभाव आणि तिचे कूळ दिसे. त्यांनी संख्यांची अनेक कुळे शोधून काढली आणि त्यांना सुंदर नावे दिली.

यांतील एका कुळाचे नाव एका रेल्वे स्थानकावरून आले आहे. मुंबईजवळच्या डोंबिवली स्थानकावर असताना कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. या स्थानकाच्या डेम्लो या जुन्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटले. १९३९ साली प्राध्यापक गुंजीकर यांच्यासह त्यांनी या संख्यांवर लिहिलेला लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या कुळातील सर्वांत देखण्या संख्या फार सोप्या रीतीने तयार होतात. केवळ १ हाच अंक पुन्हा पुन्हा लिहून होणाऱ्या संख्यांचे वर्ग करीत जावे:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

अंक एकेक पायरी चढत शिखरावर जातात आणि तसेच एकेक पायरी उतरून खाली येतात. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला, म्हणजे ही मांडणी पूर्णत्वाला पोहोचते:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

दहाव्या पायरीवर मात्र हातचे येऊ लागतात आणि ही रेखीव चढण-उतरण विस्कटते.

सतरा अंकांची ही संख्या केवढी प्रचंड आहे! भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या क्रमाने मोजले, तर या संख्येचा पहिला अंक मध्य नावाच्या स्थानी येतो. त्याच्या पलीकडे परार्ध हे एकच स्थान उरते. इतकी मोठी संख्या पाहून सामान्य माणूस दबून जाईल. परंतु कापरेकरांच्या कसोट्या हाती असल्या, म्हणजे अशा संख्येचे कूळ ओळखणे अवघड राहत नाही. ती डेम्लो कुळातील आहे, हे तर दिसलेच. आता आणखी दोन कसोट्या पाहू.

पहिली कसोटी हर्षद संख्येची. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. एखाद्या संख्येतील अंकांची बेरीज करावी आणि त्या बेरजेने मूळ संख्येला भागावे. भाग निःशेष गेला, तर ती संख्या हर्षद होय. १२ या संख्येतील अंकांची बेरीज ३ होते आणि १२ ला ३ ने निःशेष भाग जातो. म्हणून १२ ही हर्षद संख्या आहे. १३ ची गोष्ट तशी नाही. तिच्या अंकांची बेरीज ४ होते आणि १३ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. कोणती संख्या हर्ष देईल आणि कोणती देणार नाही, हे तिच्या रूपावरून चटकन सांगता येत नाही. हिशेब करावाच लागतो, आणि त्यातच खरी गोडी आहे.

दुसरी कसोटी स्वयंभू संख्येची. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे एक नवी संख्या जन्मास येते. २१ मध्ये २ आणि १ मिळविले, की २४ होतात. २४ मध्ये २ आणि ४ मिळविले, की ३० होतात. ३० पासून ३३, ३३ पासून ३९, अशी वंशावळ पुढे चालू राहते. येथे २१ ही २४ ची जनक होय. पण कापरेकरांच्या मनात उलटा प्रश्न आला. प्रत्येक संख्येला असा जनक असतोच काय? शोध घेता त्यांना आढळून आले, की काही संख्यांना जनकच नसतो. २० ही अशी एक संख्या आहे. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाहीत. ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ याही तशाच. जी दुसऱ्या कोणापासून जन्मली नाही ती स्वयंभू, म्हणून कापरेकरांनी त्यांना स्वयंभू संख्या हे नाव दिले. आपल्या कर्मभूमीची आठवण म्हणून त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. उलट काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. ९१ मध्ये ९ आणि १ मिळविले तरी १०१ येतात, आणि १०० मध्ये १ मिळविला तरीही १०१ च येतात.

आता त्या सतरा अंकी संख्येकडे वळू. १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येतील सर्व अंकांची बेरीज ८१ होते. या प्रचंड संख्येला ८१ ने भागले असता भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि बाकी काहीच उरत नाही. म्हणजे ही डेम्लो संख्या हर्षदही आहे! यामागचे कारणही समजण्याजोगे आहे. नऊ वेळा १ लिहिले, तर त्या अंकांची बेरीज ९ होते. म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ९ गुणिले ९, म्हणजे ८१ ने, भाग गेलाच पाहिजे.

ही संख्या स्वयंभू आहे काय, हा प्रश्न प्रथम भयंकर वाटतो. एवढ्या अफाट संख्येचा जनक शोधावयाचा तरी कोठे? पण थोडा विचार केला, तर वाट सापडते. सतरा अंकी संख्येतील सर्वच अंक ९ असले, तरी त्यांची बेरीज १५३ हून अधिक होऊ शकत नाही. म्हणजे जनक असलाच, तर तो या संख्येच्या मागे १५३ संख्यांच्या आतच असला पाहिजे. अब्जावधी संख्या धुंडाळण्याचे काम असे दीडशे संख्यांवर येते. त्यांत ८१ ने लहान असलेली संख्या १२३४५६७८९८७६५४२४० ही आहे. तिच्या अंकांची बेरीज केली, तर तीही ८१ च भरते. ती तिच्यात मिळविताच आपली सतरा अंकी संख्या मिळते. जनक सापडला! तेव्हा ही संख्या डेम्लो आहे, हर्षद आहे, परंतु स्वयंभू नाही. मोठेपणाने दिपवून टाकणारी संख्या अशा रीतीने ओळखीची होते.

खुद्द कापरेकरांचे नाव मिळालेले एक कूळही आहे. ४५ चा वर्ग २०२५ होतो. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून ते मिळविले, तर पुन्हा ४५ च येतात. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. जणू संख्या वर्ग होऊन मोठी झाली, दुभंगली, आणि तरीही स्वतःला विसरली नाही.

याच कुळात १४२८५७ ही विलक्षण संख्या येते. १ ला ७ ने भागून दशांश काढू लागले, की हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. तिला २ ने गुणले तर २८५७१४ आणि ३ ने गुणले तर ४२८५७१ येतात. अंक तेच, क्रमही तोच. केवळ आरंभाचे स्थान बदलते. ६ पर्यंतच्या प्रत्येक अंकाने गुणले तरी असेच घडते. मात्र ७ ने गुणताच ९९९९९९ अशी नवांची रांग उभी राहते. आणि तिचा वर्ग २०४०८१२२४४९ याचे २०४०८ व १२२४४९ असे भाग करून ते मिळविले, तर पुन्हा १४२८५७ च! दशांशात अशा रीतीने फिरून फिरून येणाऱ्या अंकांच्या चक्रांचाही कापरेकरांनी सखोल अभ्यास केला होता.

तथापि कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ या चार अंकी संख्येमुळे. त्यांनी शोधून काढलेली रीत लहान मुलालाही करता येईल इतकी सोपी आहे. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी संख्या करावी. तेच अंक चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान संख्या करावी. आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तर तीन अंकी आले, तर डावीकडे शून्य लिहून चार अंक पुरे करावेत. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेच उदाहरण घेऊ:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर पुन्हा तीच क्रिया केली, तर ७६४१ मधून १४६७ वजा होऊन पुन्हा ६१७४ च येतात. येथे प्रवास संपतो. आरंभी कोणतीही संख्या घेतली, तरी अखेर ६१७४ पाशीच यावे लागते, आणि त्यासाठी सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. १९०५ या संख्येला बरोबर सात पायऱ्या लागल्या. कित्येक संख्या त्याहून लवकर पोहोचतात. ६१७४ ही हर्षद संख्याही आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ होते आणि ६१७४ ला १८ ने भागले असता ३४३, म्हणजे ७ चा घन, मिळतो.

ही जादू वाटली, तरी ती जादू नव्हे. चार अंकी संख्या नऊ हजार आहेत. परंतु पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर ही एक, आणि मधल्या दोन अंकांतील अंतर ही दुसरी. त्यामुळे नऊ हजार संख्यांपासून पहिल्या पायरीवर निरनिराळी अशी अवघी ५४ उत्तरे निघतात. ती सर्व तपासून पाहिली, की प्रत्येकीची वाट ६१७४ कडेच जाते, हे सिद्ध होते. सहस्रावधी ओहोळ थोड्या ओढ्यांत मिळावेत, ओढे नदीत मिळावेत आणि नदीने एकाच सागरास भेटावे, तसाच हा प्रकार आहे.

१९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. १९५५ साली स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकेतील नियतकालिकात त्यावर त्यांचा लेखही आला. परंतु आपल्या देशातील विद्वानांकडून त्यांना म्हणावा तसा मान मिळाला नाही. शाळेतील एक शिक्षक, जवळ उच्च पदवी नाही, आणि मांडतो काय, तर बेरजा आणि वजाबाक्या! अनेकांनी त्यांचे काम क्षुल्लक ठरविले. काहींनी त्यांची थट्टाही केली.

या टीकेत काहीच तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. कापरेकरांच्या बहुतेक संख्या अंकांच्या मांडणीवर अवलंबून आहेत. आपण दहा अंकांनी संख्या लिहितो, म्हणून ६१७४ ला हे स्थान लाभले. लिहिण्याची पद्धत निराळी असती, तर निराळ्याच संख्यांना ते मिळाले असते. शिवाय या शोधांचा व्यवहारात उपयोग काय, असाही प्रश्न विचारला जाई. कापरेकरांनी या टीकेमुळे मनात कडवटपणा येऊ दिला नाही, की आपला मार्गही सोडला नाही. गणिताच्या परिषदांना ते जात राहिले. लेख छापून आले नाहीत, तर स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून पुस्तिका छापून घेत. उपयोगाची चिंता करून त्यांनी संख्यांशी मैत्री केली नव्हती; म्हणून उपयोग नाही असे ऐकून ती मैत्री तुटण्याचेही कारण नव्हते.

१९६२ साली ते शाळेतून निवृत्त झाले. लगेच पुढच्या वर्षी स्वयंभू संख्यांवरील त्यांची पुस्तिका देवळालीहून प्रसिद्ध झाली. परंतु निवृत्तीनंतरचे दिवस हलाखीचे होते. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांना मूळचीच साधी राहणी प्रिय होती. तरीही निवृत्तिवेतनात भागेना. उतारवयात त्यांना पुन्हा गणित व विज्ञान यांच्या शिकवण्या कराव्या लागल्या. दिवसभर शिकवून थकलेला हा वृद्ध शिक्षक रिकामा वेळ मिळताच पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसे. घरात कमतरता होती. पण संख्यांच्या राज्यात त्यांना कशाचीच वाण नव्हती.

आणि मग, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे भाग्य उजळले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे एक लेखक गणितातील मनोरंजक विषयांवर सायंटिफिक अमेरिकन या प्रसिद्ध मासिकात नियमाने लिहीत असत. जगभरचे गणितप्रेमी त्यांचे लेख आवडीने वाचत. १९७५ साली गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले. देवळालीच्या एका शिक्षकाने पेन्सिलीने शोधलेल्या संख्या एकाएकी साता समुद्रांपलीकडे पोहोचल्या. निरनिराळ्या देशांतील गणिती त्यांवर विचार करू लागले. त्यांच्या रीती पाच अंकी, सहा अंकी आणि त्याहून मोठ्या संख्यांना लावून पाहिल्या गेल्या. दहांऐवजी इतर पद्धतींनी संख्या लिहिल्या, तर काय घडेल, हेही तपासले जाऊ लागले. ज्या गोष्टीमुळे हे काम क्षुल्लक ठरविले गेले होते, तीच आता नव्या प्रश्नांचे उगमस्थान ठरली.

१९८६ साली देवळाली येथे कापरेकरांचे निधन झाले. त्यांनी धन मिळविले नाही. मोठे पद भूषविले नाही. परंतु आज संख्यांच्या शास्त्रावरील पुस्तकांत कापरेकर संख्या आणि कापरेकर स्थिरांक ही नावे आढळतात, आणि गणकयंत्रांवर त्यांच्या कुळांतील प्रचंड मोठ्या संख्या शोधल्या जातात. जे काम यंत्र क्षणात करते, ते त्यांना रात्री जागून करावे लागले. परंतु यंत्राला काय विचारावयाचे, ते प्रथम त्यांनाच सुचले होते.

थोर कार्यासाठी थोर साधने लागतातच, असे नाही. डोळ्यांसमोरची वस्तू साऱ्यांनाच दिसते. तिच्याकडे प्रेमाने आणि चिकाटीने पाहणारा मात्र विरळा. एक ते नऊ आणि शून्य हे दहा अंक प्रत्येक मुलाच्या पाटीवर असतात. त्याच अंकांत कापरेकरांना आयुष्यभर पुरेल एवढा आनंद सापडला. जगाने हसून दुर्लक्ष केले तेव्हाही त्यांनी तो जपला, आणि अखेर साऱ्या जगाला वाटून टाकला. आजही कोणी मूल वहीच्या कोपऱ्यात चार अंक लिहून वजाबाक्या करू लागले, की देवळालीच्या या शिक्षकाने दाखविलेल्या वाटेने ते ६१७४ पाशी येऊन पोहोचते, आणि क्षणभर त्याच हर्षाचा अनुभव घेते.